आईच्या नावाचा परवाना

माझ्या आईनं आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा ती आधी हुंगून बघते. तरी सरकारच्या लेखी तिला मरेपर्यंत दारू पिण्याची मुभा आहे. तसा परवाना तिच्या नावावर आहे, फोटोसकट, आणि त्यावर तिची सही घेणारा मी आहे.

बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. अकोल्याच्या बाजारातले काटे आणि तेलाची मापं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते दारूच्या किमतींच्या मागे लागले. पिणं त्यांचं बेताचं. शनिवारी एक, फार तर दोन, तेही काचेच्या मापानं मोजून. पण किमतींवर ते तासभर बोलू शकत. हीच बाटली गोव्यात एवढी स्वस्त का? बऱ्हाणपूरला भाव वेगळा का? मी म्हणायचो, बाबा, प्रत्येक राज्याचा कर वेगळा असतो. ते त्यांनाही ठाऊक होतं, पण पटत नव्हतं.

"किलो सगळ्या देशात किलोच राह्यते ना?" ते चिडून विचारायचे. "मंग ह्या बाटलीनंच काय घोडं मारलं?"

वर्ध्याला लग्नकार्याला निघालो की त्यांना आणखी चेव यायचा. चांदूर रेल्वे मागे पडलं की ते खिडकीशी सरकत आणि धामणगावनंतर वर्धा नदीचा पूल आला की मला कोपरानं ढोसत. "इथपर्यंत परवाना चालते. ह्या खांबाच्या पुढं दारूबंदी." डब्यातली माणसं आमच्याकडे बघायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आई शांतपणे भज्यांचा कागद उलगडून वाचत बसलेली असायची. भजी संपली तरी कागद वाचून झाल्याशिवाय ती फेकत नसे. लग्नपत्रिकेच्या तळाशी छापखान्याचं नाव असतं, तेही ती वाचते.

धाकटा भाऊ अमेरिकेत गेला, तो नेमका जिथं बर्बन नावाची व्हिस्की बनते त्या केंटकी राज्यात. बाबांना बर्बन म्हणजे काय हे माहीत नव्हतं. मक्यापासून करतात म्हटल्यावर त्यांनी अंगणात वाळत घातलेल्या कणसांकडे जरा आदरानं पाहिलं. व्हिडिओ कॉलवर भाऊ त्यांना तिकडचे कायदे सांगायचा. शेजारच्या एका राज्यात म्हणे सरकारच दुकानं चालवतं आणि राज्यभर एकच भाव. हे ऐकून बाबा आठवडाभर खूश होते. पण खरा आनंद त्यांना पुढं झाला. बर्बन जिथं बनते त्या राज्यातच काही जिल्हे असे आहेत की तिथं दारू विकायला बंदी आहे, हे भावानं सांगितलं तेव्हा बाबा खुर्चीतून अर्धे उठले.

"म्हंजे तुयाकडंही वर्धा हाय!"

दर दोन वर्षांनी भाऊ यायचा आणि येताना बर्बनच्या दोन बाटल्या आणायचा. तिकडे साधा मास्तरही घेऊ शकेल अशी ती बाटली. अकोल्यात ती मिळतच नसे. अमरावतीत एका दुकानदारानं मला आधी नाव दोनदा उच्चारायला लावलं आणि मग मुंबईला पाहा म्हणाला. मुंबईत किंमत ऐकून मी परत फिरलो. तर अशी ती दुर्मीळ चीज बाबा एकट्यानं उघडत नसत. एक बाटली भाऊ घरी असताना संपायची, दुसरी कपाटात धोतरांच्या मागे, त्याच्या पुढच्या खेपेसाठी.

आपल्याकडं दारू प्यायला आणि घरात ठेवायला परवाना लागतो, हे पिणारे सोयीनं विसरतात. बाबा विसरणारे नव्हते. त्यांचा आजीवन परवाना पाकिटात असायचा. पण एका परवान्यावर घरात किती ठेवावी याला मर्यादा असते, आणि एकदा भावाच्या बाटल्या नि त्यांच्या शनिवारच्या बाटल्या मिळून आकडा वर जातो की काय असं त्यांना वाटू लागलं. कोणी आमचं कपाट तपासायला येणार नव्हतं. मी तसं म्हणालोही.

"जन्मभर लोकायचे काटे तपासले," ते म्हणाले. "आता माया घरात झोल नाई पाह्यजे. तुया आईच्या नावानं अजून एक काढून टाक."

"तुम्हीच सांगा मग आईला."

"तू सांग. तुयं ऐकते ते." आणि त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फोडणारा हा माणूस बायकोला एवढं सांगायला घाबरत होता.

मी तेव्हाही अमरावतीत नोकरीला होतो आणि रविवारी अकोल्याला जायचो. त्या रविवारी माझी परतीची गाडी साडेपाचची होती. आई ओट्यावर तूर निवडत होती. मी अर्ज तिच्यापुढं ठेवला.

"कायचं हाय?"

"बाबांच्या पेन्शनचं. इथं सही कर. आणि एक फोटो दे."

खरं सांगितलं असतं तर अर्धा तास गेला असता. ती रागावली असती, बाबांना बोलावलं असतं, माझी गाडी चुकली असती. खोटं एका वाक्यात झालं. तिनं हात पुसले, चष्मा लावला, कागद हातात धरला. मी घड्याळाकडे बघत होतो. तिनं सावकाश सही केली, कपाटातून फोटो काढून दिला आणि परत सुपाकडे वळली.

निघताना मला दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा तिनं विचारलं, "काई सांगाचं राह्यलं का?"

"नाही. डबा घेतला."

त्यानंतर हे तिचं ठरूनच गेलं. दर रविवारी, उंबऱ्याशी, तोच प्रश्न. मला वाटायचं, म्हातारपणाची सवय. कधी मी म्हणायचो डबा घेतला, कधी म्हणायचो छत्री घेतली. एकदा घाईत होतो तेव्हा वैतागून म्हणालो, "काय राहणार आहे सांगायचं? दर वेळी काय तेच तेच!" पुढच्या रविवारी तिनं पुन्हा तेच विचारलं. असे चार वर्षांचे रविवार गेले.

गेल्या वर्षी बाबा गेले. झोपेतच, कोणाला त्रास न देता. भाऊ तेराव्याला पोचला आणि आठवड्यानं परतही गेला. त्याच्या मागच्या खेपेची बाटली कपाटात होती तशीच होती. ती उघडायचं कोणाच्या मनात आलं नाही.

महिन्याभरानं मी कपाट आवरायला घेतलं. बाटली हातात आली आणि पहिला विचार आला तो बाबांचाच म्हणावा असा: त्यांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला, आता ही बाटली कायद्यानं कोणाची? आणि उत्तर लगेच आठवलं. बाटली आईची होती. तिच्या नावाचा परवाना बाबांच्या फायलीत असणार. मी फाईल उघडली. परवाना नव्हता. दोनदा पालथी घातली.

आई दारात उभी होती. मी आणखी थोडा वेळ शोधल्याचं नाटक करू शकलो असतो. पण हातात बाटली होती आणि त्या क्षणी मला स्वतःची फार लाज वाटली.

"आई, एक सांगायचं होतं. ती सही... ती पेन्शनची नव्हती."

"मालूम हाय," ती म्हणाली. आतल्या खोलीत गेली, पोथीतून घडी घातलेला परवाना घेऊन आली. "अर्ज तवाच वाचला व्हता म्या."

भज्यांचे कागद वाचणारी बाई. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग सही कशी केलीस?"

"धाकटा आल्याबिगर ते बाटली उघडत नोते. म्हनलं, असू दे घरात. बाटलीच्या निमतानं तरी येईन पोरगा." ती पलंगावर टेकली. "त्यायनं तं तोंड लपोलं, ते मले समजते. जन्मभर तसेच व्हते. पन तू कावून खोटं बोलला?"

जे खरं होतं ते अगदीच क्षुल्लक होतं. "गाडी होती," मी म्हणालो.

"हर रविवारी इचारलं तुले. म्हनलं आज सांगन, आज सांगन."

रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज साधा होता, निवडलेली तूर डब्यात भरताना असतो तसा. मी खाली बसलो. छत्री घेतली, डबा घेतला, ही माझी सगळी उत्तरं मला आठवत राहिली.

"आज हाय का गाडी?" तिनं विचारलं.

होती. साडेपाचचीच होती. "नाही," म्हणणार होतो, पण तोंडात आलेला शब्द गिळला. "आहे. पण जात नाही."

तिनं कागद माझ्या हातात दिला. "तं मंग वाचून दाखव. तवा वाचाले पाह्यजे व्हतं, तसं."

मी वाचू लागलो. तिचं नाव, बाबांचं नाव, वय, जुन्या शहरातला पत्ता. प्रकृती राखण्यासाठी दारू बाळगण्याची आणि पिण्याची परवानगी, तीही आजीवन. तिथं मी थांबलो. आईनं डोळे मिटले होते. फोटोत तिनं भावाच्या लग्नातला शालू नेसलेला होता. पेन्शनच्या अर्जाला कोणी इतका चांगला फोटो देत नाही.

"थांबला कावून?" ती म्हणाली. "पुढं वाच."