आर्लीनची पाच मिनिटं

आमच्या विद्यापीठात नोकरांना आणि त्यांच्या मुलांना फी माफ आहे. प्राध्यापकांची मुलं त्याचा फायदा घेतात. आम्ही खाणावळीतल्या बायका घेत नाही. दिवसभर त्या पोरांना वाढायचं आणि संध्याकाळी त्यांच्याच शेजारी बाकावर जाऊन बसायचं, ही हौस कुणाला असणार? आर्लीन व्हार्गोला झाली, तीही साठीला टेकल्यावर. मी तिला म्हटलं, "त्यापेक्षा गुडघ्यांचं ऑपरेशन करून घे, उपयोगी पडेल."

"गुडघे माझ्या वतीने बोलणार आहेत का, मेव्हिस?" ती म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

तिला बोलायचं होतं ते कैद्यांच्या सुटकेचं ठरवणाऱ्या मंडळासमोर. तिचा एकुलता एक मुलगा डेनिस. एकोणीस वर्षांचा असताना बारबाहेरच्या भांडणात त्याने एका माणसाच्या डोक्यात लोखंडी पाना घातला. ग्लेन टॅकेट त्याचं नाव, दोन लहान मुलांचा बाप. दुसऱ्या दिवशी तो गेला. यात डेनिसची बाजू घ्यावी असं काही नव्हतं आणि आर्लीननेही ती कधी घेतली नाही. जन्मठेप झाली. आमच्या राज्यात काही वर्षं काढल्यावर कैद्याला मंडळासमोर उभं राहून सुटका मागता येते. मेलेल्याच्या घरचे बोलतात, कैद्याच्या घरचंही एक माणूस बोलतं. पाच मिनिटं मिळतात. मंडळ नाही म्हणालं तर पुन्हा पाच वर्षांनी.

पहिल्या खेपेला आर्लीन उभी राहिली आणि रडायलाच लागली. मध्येच म्हणाली, लहानपणी डेनिस कुत्र्याच्या पायांत स्वतःचे मोजे घालायचा, बर्फात गारठेल म्हणून. मग पुन्हा रडली. मंडळाने नकार दिला. बाहेर व्हरांड्यात डेनिसचा वकील कोट चढवता चढवता म्हणाला, "मिसेस व्हार्गो, पुढच्या वेळी काहीतरी ठोस घेऊन या. आया काय, रडतातच."

हे वाक्य तिने मनाला लावून घेतलं. मुलगा आत राहिला तो आपल्या रडण्यामुळे, आपल्याला बोलता येत नाही म्हणून, अशी तिने स्वतःची समजूत करून घेतली. मी त्या वकिलाच्या नावाने किती बोटं मोडली, पण तिच्या डोक्यातून ते काही निघेना.

तर ती नाव घालायला गेली. मी सोबत होते, म्हणून सांगते. खिडकीतल्या मुलीला ती म्हणाली, "मला फौजदारी न्याय शिकायचाय. पूर्ण नको, त्यातलं गरजेपुरतं."

"मग तो जोडविषय म्हणून घ्या ना," मुलगी म्हणाली. "सहा पेपर असतात. मुख्य विषय कोणता?"

"मुख्य नकोय मला."

"मुख्य विषयाशिवाय जोडविषय देता येत नाही, मॅडम."

आर्लीनने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. "ज्यात गणित कमी असेल तो लावा," ती म्हणाली.

त्या मुलीने तिला इंग्रजी साहित्य लावलं. त्या सहा पेपरांपायी माझ्या मैत्रिणीला कधीच्या काळी मरून गेलेल्या कवींच्या कविता वाचाव्या लागल्या. सकाळी सूपचं पातेलं ढवळताना ती त्या पुटपुटायची. मी म्हणायची, "मिठाचं बघ, तो कवी काही मीठ घालायला येणार नाही."

फौजदारी न्यायाच्या वर्गात ती सोडून सगळी विशी-बाविशीतली. निम्म्यांना पोलीस व्हायचं होतं, काहींना तुरुंगावर नोकरी हवी होती. हिचा मुलगा कुठे आहे ते त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं, आणि तिने सांगितलंही नाही. एक ट्रेंट नावाचा धिप्पाड पोरगा होता, आमच्याकडे दोनदा रांगेत उभा राहणारा. एकदा दुपारी ताट पुढे करून तो जरा घुटमळला.

"काल मी वर्गात जरा जास्तच बोललो का? जन्मठेपवाल्यांना मरेपर्यंत आतच ठेवा म्हणालो ते? तुमचा चेहरा उतरला होता."

"तुझा आकडा चुकला होता," आर्लीन म्हणाली. "वय वाढलं की पुन्हा गुन्हा करणारे कमी होत जातात. तिसरा धडा वाच." आणि तिने त्याच्या बटाट्यांवर आणखी एक पळी रस्सा ओतला.

तो गेल्यावर ती मागे भांड्यांच्या खोलीत जाऊन थोडा वेळ उभी राहिली. मी गेले नाही. काही वेळा माणसाला एकटं सोडावं, एवढं मला कळतं.

शिकवणारे लिंडक्विस्ट सर पूर्वी तुरुंगावरच अधिकारी होते. माणूस वाईट नव्हता, उगीच कशाला खोटं बोलू. पहिला निबंध आर्लीनने डेनिसवरच लिहिला होता, नाव बदलून. सरांनी तिला थांबवून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही मनापासून लिहिलंय, पण याला निबंध म्हणता येत नाही. घरचं, मनातलं बाजूला ठेवा. पुरावा काय सांगतो तेवढंच लिहा." वकीलही तेच म्हणाला होता. दोन शिकलेली माणसं एकच सांगतायत म्हटल्यावर तिने कानाला खडा लावला. त्यानंतर तिला कायम चांगलेच मार्क पडले. तिचे पेपर मी स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर चिकटवायची, आमच्यातली एक तरी हुशार निघाली म्हणून.

मला खटकायला लागलं ते तिसऱ्या वर्षी. ती एक शनिवार सोडून डेनिसला भेटायला जायची. एका सोमवारी मी सहज विचारलं, "कसा आहे?"

"वर्तन स्थिर आहे. दोन सुधार कार्यक्रम पूर्ण झालेत, तिसऱ्यात प्रतीक्षा यादीवर आहे."

"अगं, डेनिसचं विचारतेय मी."

"मग मी कुणाचं सांगतेय?"

"तो कसा आहे?"

ती सुरी हातात धरून विचार करत राहिली, परीक्षेत प्रश्न यावा तशी. "बारीक झालाय," शेवटी म्हणाली. पूर्वी हीच बाई मला त्याच्याबद्दल इतकं सांगायची की माझे कान किटायचे. तो काय म्हणाला, कशाला हसला, त्याच्या डाव्या भुवईतला केस पांढरा झाला, सगळं.

दुसरी सुनावणी जवळ आली तशी ती भाषणाची तयारी करू लागली. दुपारची गर्दी ओसरली की पिठाच्या पोत्यांसमोर उभी राहायची आणि मी अंडी उकडायचं घड्याळ लावायची. एक अक्षर इकडचं तिकडे नाही, बरोबर पाच मिनिटं. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, म्हणजे ते चांगलंच असणार, असं मला वाटायचं.

सुनावणीला आर्लीन राखाडी कोट घालून आली, केस सेट करून. मी तिच्या मागच्या रांगेत. डेनिस पुढे टेबलाशी, आमच्याकडे पाठ करून. त्याला मागे वळून पाहायची परवानगी नसते. आधी ग्लेनची बायको बोलली. तिच्याजवळ कागदही नव्हता. ती म्हणाली, धाकट्याला बापाचा आवाज आठवत नाही, तो मला विचारतो आणि मला आवाज काढून दाखवता येत नाही. एवढं बोलून ती बसली. मी डेनिसच्या बाजूची, पण माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, आणि ते पुसायची मला लाज वाटली नाही.

मग आर्लीन उठली. आवाज खणखणीत. वयोगट, टक्केवारी, सुधार कार्यक्रम, धोक्याचं मूल्यमापन. मंडळातला एक जण लिहून घेत होता, दुसरा घड्याळाकडे बघत होता. ती कुठेही अडखळली नाही. मंडळाच्या अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर बाई होत्या, सर्दीने बेजार झालेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मिसेस व्हार्गो, तुमची तयारी उत्तम आहे. मला एवढंच सांगा, डेनिस घरी आला, तर पहिल्या दिवशी तुम्ही काय कराल?"

बाईंनी दार उघडून दिलं होतं, आता फक्त आत पाऊल टाकायचं होतं. आर्लीनने कोटाचं बटण सारखं केलं.

"पुनर्वसनाच्या पहिल्या टप्प्यात," ती म्हणाली, "स्थिर निवास आणि कुटुंबाचा आधार हे दोन घटक सर्वांत महत्त्वाचे असतात."

हात लांब करून तिचा कोट ओढावा असं मला वाटलं. बाईंनी मान हलवली आणि चष्मा परत घातला. डेनिसची मान मला मागून दिसत होती, ती हळूहळू लाल होत गेली.

काही आठवड्यांनी नकार आला. त्यात आर्लीनचं नाव नव्हतं. गुन्ह्याचं स्वरूप वगैरे नेहमीचं लिहिलं होतं. ती रडली असती, मोज्यांचं सांगितलं असतं, तर तो सुटला असता का? नसताही सुटला. हे कुणालाच माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही.

पुढच्या भेटीला रस्त्यावर बर्फ होतं, म्हणून गाडी मी चालवली. डेनिस रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. भेटीच्या खोलीतल्या यंत्रातून घेतलेला बर्गर त्याने गरम करून आणला, तीन तुकडे केले, मोठा आईपुढे सरकवला.

"छान बोललीस, आई," तो म्हणाला. "वकील म्हणाला, एवढी तयारी करून आलेली आई त्याने पाहिली नाही."

"मग तुझं तोंड असं का?"

"असं म्हणजे कसं?" तो थोडं हसला. "मी तुझ्याकडे पाठ करून बसलो होतो ना, मला नुसतं ऐकू येत होतं. मला वाटलं, ही बाई कुणाबद्दल बोलतेय? मला काही तो माणूस ओळखता आला नाही."

आर्लीनने हात टेबलावरून काढून मांडीवर घेतले. "त्यांना ठोस हवं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर शिकले मी."

"माहितीये मला." त्याने टेबलावरचे पावाचे कण गोळा केले. "त्या बाईंनी विचारलं, तेव्हा तुला खरं काय करायचं होतं? पहिल्या दिवशी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तालमीत वाक्य विसरली की अशीच पाहायची. पण या वेळी माझ्याजवळ तिला सुचवायला काही नव्हतं.

"तुला झोपू दिलं असतं," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. "दिवा मालवून. इथे तुम्हाला कधी पुरता अंधार करून देत नाहीत ना. दार उघडं ठेवलं असतं आणि मी बाहेर खुर्ची टाकून बसले असते. म्हणजे मध्येच दचकून उठलास, तर कुठे आहेस ते सांगायला मी असते."

डेनिसचा घास तोंडातच राहिला. त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "हेच सांगायचं होतंस गं, आई." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तेवढ्यात पहारेकऱ्याने वेळ संपल्याचं सांगितलं.

परतताना ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. टोलनाका गेल्यावर म्हणाली, "मला येत होतं ते, मेव्हिस. आधीपासूनच येत होतं." मी गाडी चालवत राहिले.

उरलेला एक पेपर तिने दिला. अर्धवट टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं. पदवीदानाला ती काळा झगा घालून गेली आणि ट्रेंटने, तो तोवर पोलिसात लागला होता, उभं राहून शिट्टी मारली. पदवी तिने फ्रिजवर लावू दिली नाही. भेटीला मात्र ती पुन्हा पूर्वीसारखी जायला लागली, आणि सोमवारी माझे कान पुन्हा किटू लागले. याचा मला किती आनंद झाला ते मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. दोन हिवाळे असे गेले. मग एका सकाळी ती कामावर आली नाही. हृदय झोपेतच थांबलं होतं. डेनिसला अंत्यविधीला सोडलं नाही.

या शरद ऋतूत त्याची तिसरी सुनावणी आहे. घरचं कुणी उरलेलं नाही, म्हणून त्याने बोलण्यासाठी माझं नाव दिलंय. मी काही शिकणार नाही, तालीम करणार नाही, रडू आलं तर रडणार आहे. तिने मला सोमवारी सोमवारी जे जे सांगितलं, ते पाच मिनिटांत मावेल तेवढं सांगणार आहे. फक्त एकाच गोष्टीची मला भीती वाटते. आर्लीनचं भाड्याचं घर मालकाने केव्हाच दुसऱ्या कुणाला दिलंय, आणि मी मुलीच्या घरी एका खोलीत राहते. त्या बाईंनी चष्मा काढून पुन्हा विचारलं, की डेनिस घरी आला तर पहिल्या दिवशी काय होईल, तर मला खरं तेच सांगावं लागेल.