मिरची सोडली त्या वर्षीची गोष्ट

आमच्या चर्चच्या मंडळीत लेंत पाळायची रीतच नव्हती. नाताळ ठाऊक, ईस्टर ठाऊक, आणि ईस्टरच्या आधी चाळीस दिवस काही करायचं असतं हे कुणाच्या गावीही नाही. ती रीत आणली नगरकडून बदलून आलेल्या पाळकसाहेबांनी. साल साठ-एकसष्ट असेल, मी लग्न होऊन नंदुरबारात आले त्याला दीड वर्ष झालं होतं. साहेब उंच, किडकिडीत, बोलणं एकदम पुस्तकी, आणि आल्या आल्या कुणाच्या तरी घरची शेवभाजी खाऊन दोन दिवस आडवे झालेले. खानदेशी तिखटाची त्यांनी धास्तीच घेतली होती.

तर एका रविवारी ते म्हणाले, "येत्या बुधवारपासून लेंत सुरू होत आहे. प्रत्येकाने आपली अत्यंत प्रिय अशी एक वस्तू ईस्टरपर्यंत सोडावी. कोणी मांसाहार, कोणी साखर, कोणी मिष्टान्न."

मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मटण व्हायचं नाताळला एकदा. चहा गुळाचा. मिष्टान्न म्हणजे काय, ते मागच्या एका म्हातारीने शेजारणीला विचारलं आणि शेजारणीलाही ते सांगता येईना. सोडायचं तरी काय? बरं, नवीन साहेबांसमोर "आमच्याकडे सोडायला काही नाही" असं म्हणायची लाज. अशा अवघड वेळी माझी सासू उठून उभी राहिली.

तिला मी आत्याबाई म्हणत असे. चणीने एवढीशी, पण आवाज असा की स्टेशनवर गाडी उभी असली तरी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. मंडळीतल्या सगळ्या बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "साहेब, आम्ही मिर्ची सोडतस. समद्या."

समद्या! कुणाला विचारलंन नाही, पुसलंन नाही. बायकांच्या बाजूने "वं माय!" असा एकच आवाज उठला. पुरुषांचे चेहरे तर बघण्यासारखे झाले होते, कारण बायकोने मिरची सोडली की नवऱ्याने धरून ठेवायला ती राहते कुठे? साहेब मात्र असे फुलले की पुढचं प्रवचन त्यांनी निम्म्यातच संपवलं.

आमच्या अर्ध्याअधिक बायका मिरचीच्या पथारीवर कामाला जात. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान, तिथे ओल्या लाल मिरच्या वाळत घालतात. नजर जाईल तिथवर लाल. आम्ही सकाळपासून नाकाला पदर बांधून देठ खुडत बसायचो, आणि दुपारी त्याच ढिगाशेजारी ठेचा-भाकरी खायचो. आता ढीग तोच, भाकरी तीच, आणि सोबत मीठ. मोहाच्या गुत्त्यात बसून दारू सोडल्यातला प्रकार.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. राखेच्या बुधवारी संध्याकाळी आम्ही पथारीवरून तशाच चर्चमध्ये गेलो. साहेबांनी एकेकीच्या कपाळावर अंगठ्याने राखेचा क्रूस काढला. वीस-पंचवीस कपाळं झाली, आणि प्रार्थनेला सुरुवात करताना त्यांनी त्याच अंगठ्याने डोळा चोळला. आमच्या कपाळांवर दिवसभराचा मिरचीचा खकाणा! साहेबांच्या डोळ्यांना ज्या धारा लागल्या त्या थांबेनातच. मंडळी भारावून गेली. एवढा पश्चात्ताप कुणी पाहिला नव्हता. साहेब रडतात म्हणून म्हातारे रडायला लागले, म्हाताऱ्यांचं बघून बायका, आणि बायकांनी पदराने डोळे पुसले तर पदरातही खकाणाच. मग कोण शिंकतंय, कोण खोकतंय, कोण "प्रभू, दया कर" म्हणतंय! मी तोंडात पदर कोंबून हसत होते, आणि आत्याबाई मला कोपराने ढोसत होती. ढोसताना तिचेही खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवसापासून कायदे सुरू झाले. हिरवी चालते का? नाही. काळी मिरी? ती मिरचीची बहीण, नाही. लसूण? लसणावर दोन दिवस वाद झाला आणि शेवटी त्याला माफी मिळाली. साहेबांनी सांगितलं की लेंतातले रविवार उपवासात धरत नाहीत, रविवारी खायला हरकत नाही. आत्याबाईने तेही उडवून लावलं, म्हणाली, देव काय रविवारी आंधळा होतो का. घरातली मिरचीची बरणी तिने पेटीत नाताळच्या लुगड्याखाली ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. माझा नवरा रेल्वेत गँगमन, दिवसभर रुळांवर हातोडा मारून यायचा आणि पिवळ्या फिक्या भाजीकडे बघून म्हणायचा, "आई, मी आजारी शे का?" साहेब मात्र रोज एकेका घरी जेवायला जायचे आणि दोनदा वाढून घ्यायचे. महिनाभरात त्यांच्या गालावर मांस चढलं.

या सगळ्या गमतीत मी खदखदा हसत होते, पण आतून मी घाबरलेली होते. मला दिवस गेले होते आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आदल्या वर्षी चौथ्या महिन्यात मूल गेलं होतं. तेव्हा सांगून मोकळी झाले होते, सगळ्यांनी तोंड गोड केलं होतं, आणि नंतर त्याच सगळ्यांसमोर मान खाली घालून फिरावं लागलं. यावेळी नवऱ्यालाही नाही सांगितलं. फक्त देवाला सांगितलं आणि त्याच्याशी सौदा केला. मी चाळीस दिवस मिरचीला शिवणार नाही, तू हे मूल राहू दे. बाकीच्या बायका प्रभूसाठी मिरची सोडत होत्या. मी लेकरासाठी सोडली होती.

आणि डोहाळे कसले लागावेत? बायकांना चिंच लागते, कैरी लागते. मला मिरची! स्वप्नात मी ठेचा खात होते. शेजारीण साधा कांदा चिरायला लागली तरी माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. आणि दिवसभर बसायचं कुठे, तर मिरचीच्या डोंगराशी. देवाला गंमत करायची हुक्की आली होती की काय, मला तेव्हा तसंच वाटायचं.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी माझा हात माझा राहिला नाही. देठ खुडलेली एक वाळकी मिरची तोंडात गेली. मग दुसरी. आई गं, काय लागली म्हणून सांगू! तिसरी खाल्ली, चौथी खाल्ली, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि मी हसतेय वेड्यासारखी. मग उचकी लागली, ती अशी की पथारीवरच्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. आणि उचकी थांबायच्या आत पोटात कळ आली.

मला वाटलं, झालं. मी शब्द मोडला, आता देव त्याचा मोडणार. टोपली तिथेच टाकून मी घराकडे पळत सुटले.

घरी जाऊन गोधडीवर पडले तोच आत्याबाई धापा टाकत दारात. तीही पथारीवरच होती, उचकी तिने ऐकलीच होती. "मिर्ची खादी ना तू?" दरडावून विचारलंन. मी हो म्हटलं आणि जे रडायला लागले, ते सगळंच सांगून टाकलं. दिवस गेलेत, सौदा केलाय, पोटात दुखतंय, मूल जाणार, माझ्या जिभेपायी जाणार.

ती माझ्याजवळ गोधडीवर बसली. माझ्या पोटावर हात ठेवलान, इथे दुखतं का, तिथे दुखतं का, चाचपून बघितलंन, लुगडं कोरडं आहे ना ते विचारलंन. मग म्हणाली, "उपाशीपोटी चार मिरच्या खाशी तं दुखीच." आणि गळ्यातली किल्ली काढून तिने पेटी उघडली. नाताळचं लुगडं बाजूला फेकलंन, बरणी काढली. चुलीवर तवा ठेवून लसूण, शेंगदाणे, मूठभर मिरच्या भाजल्या. असा ठसका उठला की तीन घरं पलीकडून कुणी ओरडलं, "कोणा घर मिर्ची भाजी ऱ्हायनी?" आत्याबाईने दार लावून घेतलं. खलबत्त्यात कुटून ठेचा केला, वर तेल ओतलं आणि दोघींत एक ताट घेऊन बसली. मला भाकरीवर पहिल्यांदा तूप लावून दिलंन, पोटाला जपून म्हणून ठेचा बोटभर. स्वतः मात्र मोठा घास घेतला.

मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही कशाला खाता? तुम्ही तर पाळत होता."

"तू एकलीच का गुन्हेगार ऱ्हाशी?" ती म्हणाली. "देवले राग येवा तं आधी मन्हावर येवा."

मग घास हातात धरून, माझ्याकडे न बघता तिने सांगितलं की तुझ्या नवऱ्याच्या आधी माझी दोन गेली. तेव्हा मी काय मोडलं होतं? काहीच नाही. सगळे नेम पाळत होते, गुडघे टेकून टेकून काळे पडले होते. तरी गेली. "तो आसा सौदा करत नही, पोरी. करता तं मन्ही दोन्ही जगतीस."

एवढं बोलून तिने घास तोंडात घातला आणि तिला असा ठसका लागला की बोलताच येईना. मी पाठीवर थापटायला गेले तर मला उचकी. ती खोकतेय, मी उचकतेय, दोघींच्या डोळ्यांतून धारा, आणि एकाएकी आम्ही हसत सुटलो. पोट धरधरून हसलो. पोटातली कळ कधी गेली ते मला कळलंच नाही.

रविवारी उपासनेच्या शेवटी ती उठून उभी राहिली. सगळ्या मंडळीसमोर, जिथे तिने सगळ्यांची मिरची काढून घेतली होती तिथेच. "साहेब, मी मिर्ची खादी. ठेचा कुटीसन, दोन भाकरींसंगे खादा."

मीही उठायला लागले, तर तिने मागे हात करून माझा खांदा दाबून मला खाली बसवलं. माझं नाव तिच्या तोंडून आलं नाही, ना त्या दिवशी, ना नंतर कधी. ज्या बायका तिला वचकून असायच्या त्या तोंडावर पदर घेऊन कुजबुजायला लागल्या होत्या, आणि ती त्यांच्यासमोर एकटी ताठ उभी होती. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी हळुवारपणे विचारलं, "बाई, तुम्हाला पश्चात्ताप होतो ना?"

आत्याबाईने खरोखर विचार केला. मग तिने साहेबांच्या डोळ्यांत बघून, त्याच फलाटभर आवाजात सांगितलं, "नही साहेब. व्हत नही."