अस्सल सुवासिनी तांदूळ

परसराम गजभिये सरकारी कचेरीत एकतीस वर्षं कारकून होते आणि त्यांच्या टेबलावरून चुकीचं पत्र कधी गेलं नाही. मुळात पत्रंच फार गेली नाहीत. वेलांटीची शंका आली, की कागद पुन्हा टाइपाला.

निवृत्त होऊन आपल्या गावी, करडीला आले तेव्हा सून रीना म्हणाली, "मामाजी, आपला चिन्नोर शहरात भेटत नाही. फोनवरून विकू न." चिन्नोर म्हणजे घरच्या धानाच्या बांधीतला बारीक, सुवासाचा तांदूळ, चुलीवर चढला की शेजारी विचारतात, पाहुणे कोण आले. परसरामजींना पटलं. रीनाने त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर दुकान उघडलं. चौदा महिने ते रिकामंच राहिलं.

पिशवी हिरवी की पोपटी, हे ठरेना. फोटो काढले एकशे साठ. तांदूळ छान आला तर सावली वाकडी. तुटका दाणा ते एकेक वेचत बसत. वर्ध्याच्या निर्मलाबाईंनी "तांदूळ आहे का?" असं विचारलं, तर परसरामजींनी मसुदा केला, सुधारला आणि पाचव्या दिवशी कळवलं, "होय, आहे."

"फोटो चांगला येईस्तोवर तांदळाले सोंडे लागतीन," बायको धुरपताबाई म्हणाल्या.

"घाईनं काम बिघडते."

"तुमचं सुरूच होत नाही, तं बिघडन कुठून?"

लेबलासाठी त्यांनी तुमसरच्या भय्याजींच्या छापखान्यात अकरा चकरा मारल्या. बाराव्या वेळी कच्च्या प्रतीखाली सही केली: 'तपासले, बरोबर.' आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस नागपूरला गेले.

सासू-सुनेला तेवढीच फुरसत पुरली. रीनाने खाटेवर पिशवी ठेवून फोटो काढला. त्यात एक कोंबडीही आली. तशीच राहू दिली आणि फोटो दुकानात टाकला. आठ दिवसांत चाळीस पिशव्या रवाना झाल्या.

परसरामजी परतले. नव्या डोळ्याने त्यांनी उरलेली पिशवी हातात घेतली आणि खाटेवर बसले. लेबलावर ठळक अक्षरांत होतं: 'अस्सल सुवासिनी तांदूळ'. छापखान्यातली कच्ची प्रत मागवली. तिथेही 'सुवासिनी'च होतं, खाली त्यांचीच सही.

"आता चाळीस जणांची माफी मागावी लागन," ते म्हणाले आणि फोन घेऊन बसले.

पहिल्या माणसाने लेबल वाचलंच नव्हतं. दुसऱ्याने पिशवी फेकली होती. तांदूळ संपला, आणखी पाठवा म्हणाला. निर्मलाबाई तर हसायलाच लागल्या. "मले वाटलं मुद्दामच ठेवलं नाव. आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाले पंचवीस पिशव्या पाठवा. पण नाव तेच पाहिजे, बरं."

चाळीस माफ्यांत साठ पिशव्या खपल्या. परसरामजींना आनंद झाला, आणि जरा रागही आला. अकरा चकरा मारून तपासलेलं लेबल लोक वाचतच नाहीत, म्हणजे काय?

"वाचाले नाही घेत, खाले घेतेत," धुरपताबाई म्हणाल्या आणि पिशव्या शिवायला लागल्या. त्या दिवशी तुटके दाणे कोणी वेचले नाहीत. वेळच नव्हता.

आठवड्याने ते छापखान्यात गेले. पंचवीस लेबलं 'सुवासिनी', बाकी सगळी 'सुवासिक', असं एका दमात सांगितलं. भय्याजींनी सवयीने खुर्ची पुढे केली. "बसा, कच्ची प्रत काढतो."

"राहू द्या. छापून टाका."

भय्याजींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तब्येत बरी आहे न, परसरामजी?"

परसरामजी क्षणभर विचारात पडले. पण बाहेर करडीची बस लागली होती, म्हणून "बरी आहे" म्हणाले आणि निघाले.