फंड कुणी उचलला?

रोह्याजवळच्या खांब गावच्या शांतीमावशी सकाळी मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. रोह्याच्या बाजारात त्यांच्या बिरड्याची टोपली दुपारच्या आत रिकामी व्हायची. चुलीवर चहा उकळत होता, तोच कडी वाजली. दारात शेजारची नूतन.

"बाजार पडला म्हणतात गो, शांती. तुझा फंड हाय ना त्यात?"

मावशींनी हात पुसून मोबाईल उघडला. भाची वैशाली दर महिन्याला फंडातल्या पैशांचा आकडा पाठवायची. आजवर तो वाढतच गेलेला, या वेळी चांगलाच खाली आला होता.

फंड मावशींना नवा नव्हता. आळीतल्या बायका दर महिन्याला पैसे घालतात आणि पाळीपाळीने एकजण सगळी रक्कम उचलते, त्यालाच गावात फंड म्हणतात. मावशींनी तो वर्षानुवर्षं सांभाळला, कुणाचा रुपया बुडू दिला नाही. त्यामुळे रोह्याच्या कॉलेजात कॉमर्स शिकवणाऱ्या वैशालीने म्युच्युअल फंडाचं नाव काढलं, तेव्हा त्यांनी पुढचं काही विचारलंच नाही. बिरड्याची कमाई त्यात जात राहिली. येत्या जूनमध्ये लेकीची, दिपिकाची, नर्सिंगची फी त्यातूनच भरायची होती.

टोपली घेऊन त्या एसटीने निघाल्या, त्या बाजारात न जाता थेट वैशालीच्या घरी. पाणीही घेतलं नाही.

"कुणी उचलला ते सांग. मी बोलते तिच्याशी."

वैशालीला आधी समजेना. समजलं तेव्हा हसू आलं आणि लगेच विरलं. ती शेजारी बसली. इथे पाळी नाही, उचल नाही, म्हणाली. पुष्कळ लोकांचे पैसे एकत्र करून फंड अनेक कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेतो. एखादी कंपनी बसली तर बाकीच्या सावरतात, पण सगळा बाजारच उतरला की फंडही उतरतो.

"परत चढंल?"

"चढेल असं वाटतं. पण कधी, ते मला नाही सांगता यायचं."

"मग हमी कोणाची?"

"कुणाचीच नाही, मावशी."

मावशींनी टोपलीवरचं फडकं सारखं केलं.

"एवढी शिकलेली तू. हे आधी नाय सांगितलंस."

वैशालीने चूक कबूल केली. वर्षभरात लागणारे पैसे इथे ठेवायचेच नसतात, ती म्हणाली. फीपुरते आता काढून बँकेत ठेवू, थोडा तोटा होईल. उरलेले म्हातारपणाला होतील, त्यांना अजून पुष्कळ अवकाश आहे. ते ठेवायचे की काढायचे, हे मात्र मावशीनेच ठरवायचं.

मावशींनी फीचा आकडा दोनदा विचारून घेतला. फी निघत होती. मग म्हणाल्या, फीचे काढ, बाकीचे राहू देत.

चहा झाला. टोपली उचलून उंबऱ्याशी गेल्यावर त्या थांबल्या.

"वैशाली, तो आकडा दर महिन्याला नको धाडूस. दिवाळीनंतर वाल पेरून झाले की वर्षातून एकदा सांग."