आल्फोन्स आजोबांच्या गाडीचं कॉम्प्रेशन

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईला रोज फोन करतो — तिलाही नाही. आणि इथे सांगण्यासारखं दुसरं आहे तरी कोण? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच तुमच्याशी बोलतोय बहुतेक.

पुण्याहून येऊन जर्मनीत आखनला शिकलो आणि नोकरी लागली ती थेट आल्प्सच्या पायथ्याशी, एका एवढ्याशा गावात. ऑफिसात सगळे सभ्य. पाच वाजले की जो तो आपल्या घरी. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ आईचा फोन सोडला तर मी कुणाशी एक शब्द बोलायचो नाही. त्या पहिल्या हिवाळ्यात आपणहून माझ्याशी बोलले ते फक्त आल्फोन्स आजोबा. ऐंशीच्या घरातले, बायको गेलेली, गावाच्या वर चढावर एकटेच राहायचे. बर्फ पडला की त्यांचा रस्ता बंद. मग खाली यायला एकच साधन — त्यांची जुनी मोटरश्लिटन, बर्फावर धावणारी दोन सिलिंडरची गाडी. बेकरी, दवाखाना, बायकोच्या कबरीवर दिवा लावणं, सगळं तिच्यावरूनच. मला मागे बसवून घरी न्यायचे, सूप पाजायचे. गावात सांगायचे, ‘‘हा माझा इंजिनिअर.’’ इतक्या कौतुकानं मला कुणी मिरवलं नव्हतं. फार बरं वाटायचं हो.

जानेवारीत गाडीनं चढावर मान टाकली. इंजिन ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. ‘‘तू बघ,’’ म्हणाले.

आता — पुण्यात मी इंजिनांच्या पेपरात पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. पण प्रॅक्टिकलला स्पॅनर फिरवायचा तो लॅबमधला मेकॅनिक. आम्ही काय करायचो? मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंगं उतरवायचो. हे त्यांना कसं सांगणार?

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती होतो, ते मोजायचं ठरवलं. प्लग काढले, गेज लावलं, इंजिन फिरवायची दोरी ओढली. काटा साडेपाचच्या पुढे जाईना. यायला हवा होता आठ. दुसऱ्या सिलिंडरलाही तेच. आजोबांनी अ‍ॅक्सिलरेटरकडे बोट करून हळूच विचारलं, ‘‘गॅस पूर्ण दाबून धरायला नको का?’’ मी हसलो. ‘‘नाही, नाही. त्याचा इथे संबंध नाही.’’ शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. वर ऑफिसच्या सवयीनं प्रूफप्रोटोकोल, म्हणजे तपासणीचा रीतसर कागद, टाइप केला : पिस्टन रिंगा झिजल्या, सिलिंडर गेले, दुरुस्तीत अर्थ नाही. खाली सही, डिग्रीसकट.

त्यांच्या मुलीनं तो कागद वाचला. त्यांनी वृद्धाश्रमात यावं म्हणून ती कधीची मागे लागली होती, ते दाद देत नव्हते. या वेळी वाद झालाच नाही. ‘‘इंजिनिअर म्हणतोय ना,’’ एवढंच बोलले. गाडी मलाच देऊन टाकली, सुट्या भागांसाठी.

इथवर मूर्खपणा होता. खरी गोष्ट पुढे आहे.

एका रविवारी दुपारी, करायला काहीच नव्हतं म्हणून, गाडीचं मॅन्युअल उघडलं. कॉम्प्रेशन मोजताना गॅस पूर्ण दाबून धरा, नाहीतर पुरेशी हवा आत जात नाही आणि आकडा खोटा येतो. दोन्ही सिलिंडर अगदी सारखेच कसे झिजतील, एवढी शंका तरी मला यायला नको होती? गॅस दाबून दोरी ओढली. आठ. दुसऱ्यालाही आठ. इंजिन ठणठणीत होतं. मग झाकण उघडलं, तर समोरच इंजिनाचा जोर पुढे पोचवणारा बेल्ट — झिजून अरुंद झालेला, नुसता घसरत होता. पुढच्या दिवशी नवा बेल्ट आणला, दहा मिनिटांत बसवला. गाडी एका दमात चढ चढली.

आजोबांना घर सोडायला अजून नऊ दिवस होते.

नऊ दिवस मी काय केलं? फोन उचलला, ठेवला. माझं जर्मन कच्चं होतं — छे, ‘चुकलो’ म्हणण्यापुरतं येत होतं की! थाप मारूनही भागलं असतं : ‘कशीबशी दुरुस्त केली, घ्या.’ पण मग त्या कागदाचं काय? गावात काय म्हणतील? मी माझी सही वाचवली. त्यांचं घर जाऊ दिलं. दहाव्या दिवशी त्यांची खोकी खाली आणायला मदतसुद्धा केली, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवरून. माझ्याकडची ताडपत्रीखाली झाकलेली होती.

वृद्धाश्रमात एकदा गेलो. खिडकीतून पार्किंग दिसत होतं. ते बारीक झाले होते. टेबलावरच्या दोघा म्हाताऱ्यांना म्हणाले, ‘‘यानं मला तोंडावर खरं सांगितलं. नाहीतर वर बर्फातच अडकून मेलो असतो.’’ आणि माझा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले.

मी ‘‘बिट्टे’’, म्हणजे ‘त्यात काय एवढं’, म्हणालो. त्यांनी पुढे केलेला केक संपवला.

ते पुढे तीन महिने जगले. त्या तीन महिन्यांत मी तिकडे फिरकलो नाही.