ताईची सभा आणि माझी वाहनचोरी

मी आयुष्यात एकदाच वाहन चोरलं, तेही बहिणीच्या गुन्हेगारीविरोधी सभेला वेळेवर पोचण्यासाठी.

सुनंदाताई माझी थोरली बहीण. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आणि कोथरूडमधून महापालिकेला अपक्ष उभी राहिली. तिची मतं सरळ होती : चौकीत आलेल्याला आधी खुर्ची द्या, तक्रार लिहून घ्या, वशिला कुणाचाही नको. (पत्रक मी लिहिलं होतं. ‘गुन्हेगार घरचा असला तरी गय नाही’ ही ओळ खास माझी. टाळ्यांसाठी!)

सभेच्या दिवशी मी हार आणायला मंडईत गेलो. परत येऊन स्कूटरला किल्ली लावली, तर पहिल्या फटक्यात चालू! एरवी आमची स्कूटर सात किका खाल्ल्याशिवाय खोकतसुद्धा नाही. हार ठेवायला सीट उचललं, तर आत मेथीची जुडी. म्हटलं, वा! बायकोने सांगितलेली मेथी आपण घेतलीसुद्धा! अठ्ठावन्नाव्या वर्षी स्मरणशक्ती सुधारतेय या आनंदात मी स्कूटर थेट व्यासपीठाशेजारी लावली आणि तिला ताईचा मोठ्ठा फोटो टेकवला.

सभा रंगली. चौकीच्या फौजदार मॅडमही आल्या होत्या. ताई म्हणाली, “कुणाची तक्रार असेल तर आत्ता सांगा.”

पुढच्या रांगेतून एक बाई उठल्या. वानखेडेबाई, मूळच्या नागपूरच्या. “आजच मंडईतून माझी स्कूटर चोरी गेली जी!”

“लाज वाटायला हवी असल्या चोरांना!” मी उठून ओरडलो. टाळ्या पडल्या.

“पांढरी होती,” बाई म्हणाल्या. “अन् सीटखाली मेथी होती!”

मी खाली बसलो.

मॅडम नंबर लिहून घेऊ लागल्या, तेवढ्यात बाई किंचाळल्या, “अवो, तुमच्या फोटोमागं तीच तर उभी हाय नं!”

मॅडमनी फोटो उचलला. विरोधी उमेदवाराच्या दोन माणसांनी मोबाइल वर धरले. ताईची सगळी मेहनत माझ्यापायी पाण्यात जाणार! मी धावत तिच्याजवळ गेलो. “ताई, काहीतरी सावरून घे गं!”

माइक चालूच होता!

“सावरायचं काय त्यात?” ताई म्हणाली. “ही गाडी माझ्या भावाने आणली. मॅडम, न्या याला. आणि चौकशी पूर्ण करा.”

चौकीत आमच्या आधी एक आजोबा होते. त्यांची तक्रार लिहून होईपर्यंत आम्ही थांबलो. वानखेडेबाईंना खुर्ची मिळाली, मला भिंत. मग मॅडमनी माझी किल्ली निरखली.

“अहो काका, ही झिजून इतकी गुळगुळीत झालीय की कुठल्याही स्कूटरला लागेल. तुमची गाडी कुठंय?”

“मंडईत... असेल.”

“असणारच. ती कोण नेणार?”

वानखेडेबाई हसायला लागल्या. “जाऊ द्या जी मॅडम. भाऊ चोर नाही, भोळे आहेत.” (त्या आवाजात ‘भोळे’ ऐकण्यापेक्षा मला चोर चाललं असतं!)

ताई निवडून आली. निसटत्या मतांनी, पण आली. वानखेडेबाई तिच्यासाठी दारोदार फिरल्या : “जी बाई सख्ख्या भावाला चौकीत धाडते, ती आपलं ऐकणारच!” आता चौकीत बाकं आलीत, आणि एकट्यादुकट्या बायकाही बिनधास्त तक्रार द्यायला जातात.

मलाही मान वाढल्यासारखा वाटत होता. मी पार्किंगमध्ये पाऊल टाकलं की सोसायटीचा वॉचमन ताडकन उभा राहतो. म्हटलं, नगरसेविकेचा भाऊ म्हणून असेल. परवा त्याला म्हणालो, “अरे, बस की!”

“नाही काका,” तो म्हणाला, “तुम्ही कुठली गाडी नेताय ते बघून मग बसतो.”