पंख्याकडे बघणारा ब्रूनो

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दुपारच्या चहासोबत वाचते आणि मनसोक्त हसते. राग मानू नका... सवय जुनी आहे. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले, तेव्हा गॅलरीच्या टोकाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते अशी बोंब होती. मी लाटणं घेऊन गेले आणि शेजारच्या तात्यांचं वाळत घातलेलं धोतर काढून आणलं. त्यानंतर कित्येक वर्षं मी सगळ्या मजल्याला विज्ञान शिकवत होते — मी, नववी नापास. आणि हीच शूर बाई रस्त्यात कुत्रं दिसलं की अनोळखी बिऱ्हाडात घुसून "जरा पाणी देता का" म्हणायची.

तर अशा बाईने सत्तरीनंतर कुत्रा आणला. तोही वासराएवढा.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. अकराव्या मजल्यावर मी एकटी. आमच्या ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा महेश ठाण्याला. वडाळ्याला तन्वी नावाची मुलगी आहे, ती सापडलेली कुत्री घर मिळेपर्यंत स्वतःकडे सांभाळते. मी खरं तर तिच्याकडे एक छोटीशी, म्हातारी कुत्री बघायला गेले होते. दार उघडलं आणि ब्रूनोने पुढचे दोन्ही पाय माझ्या खांद्यावर ठेवून चष्मा चाटला.

"आजी, हा तुमच्यासाठी नाही," तन्वी घाईघाईने म्हणाली. "खूप एनर्जी आहे. दोन घरांतून परत आलाय."

"माझ्यात कमी आहे. वाटून घेऊ."

"मस्करी नाही, आजी. मागच्या वेळी परत आला तर कितीतरी दिवस दाराकडे तोंड करून बसायचा. जेवला नाही नीट. आता तिसऱ्यांदा नको."

तेवढं ऐकलं आणि माझं ठरलं.

महेशचा फोन आलाच. "आई, खुब्याचं हाड मोडलं तर कोण बघणार?"

"तू. आणि कोण?"

शेवटी तह झाला. रविवारी तो येणार, आणि 'बस' म्हटल्यावर ब्रूनो बसला तर राहील. नाहीतर महेश स्वतः गाडीत घालून त्याला वडाळ्याला सोडणार.

तो आठवडा विचारू नका. टीपॉयवरचे कप शेपटीने गेले. लिफ्टमध्ये सेक्रेटरींच्या अंगावर प्रेमाने झेप. मी मराठीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं, "बस रे मेल्या" असं मालवणीतही सांगितलं. बिस्किटं संपली, पण ब्रूनो काही बसला नाही. शनिवारी त्याचं बोचकं बांधायला घेतलं तर बोचकं घेऊनच पळाला.

आता एक जुनी गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचे हे मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. मागांच्या खडखडाटात बोललेलं कुणालाच ऐकू येत नसे, म्हणून तिथे सगळं खुणांनी चाले. त्यांच्या जॉबरच्या, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाच्या कानात सोन्याची बाळी होती. तो लांबून येताना दिसला की एकाने कानाची पाळी ओढायची — म्हणजे साहेब आला, गप राहा. ती खूण ह्यांनी घरी आणली. दहा बाय बाराच्या खोलीत नवरा-बायकोने हसायचं कुठे? सासूबाईंची चप्पल वाजली की मी पाळी ओढायची. लगेच हे भिंतीला पाठ लावून ताठ बसायचे आणि वर पंख्याकडे असे बघायचे, जणू पहिल्यांदाच बघतायत. मला मात्र हसू आवरायचं नाही आणि ओरडा मीच खायची... इतकी बावळट होते. ही खूण आमच्या दोघांतली. महेशलासुद्धा कधी सांगितली नाही.

तर रविवार. महेशसाठी बांगडे तळत होते. ब्रूनोने ताटातला एक उचलला आणि स्वयंपाकघरात गोल गोल धावायला लागला. मी झारा घेऊन मागे. पण धावता धावता मला हसूच फुटलं. पोट धरून हसत होते आणि दाराबाहेर महेशची चप्पल वाजली. चावी असतेच त्याच्याकडे.

माझा हात आपसूक कानाकडे गेला. विचार केलाच नव्हता हो... इतक्या वर्षांनी हातच गेला.

ब्रूनोने बांगडा खाली ठेवला. भिंतीपाशी गेला, पाठ लावून ताठ बसला. आणि मान वर करून पंख्याकडे बघायला लागला.

महेश दारात उभा. "हा बसला कसा?"

"शिकवलं."

"कोणी?"

मी वाकून खालचा बांगडा उचलला.

"आणि वर काय बघतोय?"

"पंखा," म्हटलं आणि मी मटकन खुर्चीत बसले.

"आई, बरं वाटत नाहीये का?"

"खूप बरं वाटतंय. पाणी दे."

ब्रूनो राहिला. पुढे तन्वी भेटायला आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिने स्वतःचा कान ओढून बघितला, तर ब्रूनोने तिचा कानच चाटला. महेशने ओढला तर बॉल आणून दिला. मी ओढला — भिंत, पाठ, पंखा. तन्वी म्हणते, वडाळ्याच्या रुळांजवळ सापडला तेव्हा डोळेही उघडले नव्हते, शिकवणार कोण? त्या दोन घरांत तर त्याला साधं 'बस'सुद्धा कुणी शिकवू शकलं नाही. महेश म्हणतो, तुझ्या हाताला माशाचा वास असेल. असेल बाबा, पण पंख्याला कुठे वास असतो?

हेच परत आले असं मी म्हणत नाही. ह्यांना आंघोळीचा कंटाळा होता आणि ब्रूनो बादली दिसली की त्यात बसतो. धोतर काढून आणणारी ती शहाणी बाई अजून माझ्यात आहे. ती रोज नवं कारण शोधते, आणि रोज दुपारपर्यंत तेही पटेनासं होतं. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा. घाई नाही.

परवा महेश आला तेव्हाही पाळी ओढली. ब्रूनो वर बघायला लागला, आणि यावेळी त्याच्याशेजारी बसून मीही बघितलं. पंख्यावर केवढी धूळ. दिवाळीची वाट न बघता पुसून घेतला... रोज कुणी बघणार असेल, तर बरा दिसायला नको?